माझा कडक हात

बोईसरमध्ये फिजिओथेरपीचा दवाखाना चालवायचा तर हात कडक लागतो, असं मी वीस वर्षं धरून चालले होते. माझे बहुतेक पेशंट एमआयडीसीतले. कुणी ड्रम उचलून कंबर धरून बसलेला, कुणी पॅकिंगच्या लाइनवर उभं राहून मान आखडलेली. त्यांचं गणित सोपं होतं. दुखलं म्हणजे इलाज झाला. टेबलावर पालथा पडलेला माणूस दात-ओठ खात म्हणायचा, "मॅडम, थोडा और जोर से," आणि मीही कमी नव्हते, कोपर रोवायचे. तो ओरडला की बाहेर बाकावर बसलेल्यांचा माझ्यावरचा विश्वास वाढायचा. "मॅडम का हाथ कडक है," हीच माझी जाहिरात होती, आणि तिच्यावर मी खूश होते.

हाच शब्द माझ्या सासूबाईंनीही माझ्यासाठी वापरला होता, पण कौतुकाने नव्हे. माझं माहेर घाटावरचं आणि सासर माहीमचं. मुंबईचं माहीम नव्हे, पालघरजवळचं, केळव्याच्या शेजारचं. हे मला माहेरच्या लोकांना अजूनही सांगावं लागतं. सासरी वाडी आहे. नारळ, केळी आणि सावलीत वाढणाऱ्या पानवेली. पानवेल जशी वर चढते तशी ती आधाराला बांधावी लागते, केळीच्या सालाची पट्टी भिजवून मऊ करायची आणि पेराखाली सैल गाठ मारायची. आमच्या घरात नव्या सुनेच्या हातून एक वेल बांधून घ्यायची रीत होती. मी झोकात बांधली. घट्ट, नीट, कॉलेजात बँडेज बांधायला शिकले होते तशी. चार दिवसांनी सासूबाईंनी जाऊन बघितलं तर पेर काळं पडलेलं. त्या काही रागावल्या नाहीत. स्वयंपाकघरात येऊन भात वाढता वाढता म्हणाल्या, "हिचा हात कडक हाय. वेलीला लावू देऊ नका."

नवरा हसला. मी हसले नाही. एका वेलीवरून माझ्या हाताचा निकाल लावणारी ही बाई कोण, असं मला वाटलं, आणि मग बोईसरला दवाखाना टाकल्यावर लोक त्याच शब्दाने माझी वाहवा करू लागले तेव्हा आतून मला चांगलंच समाधान मिळालं. सणावाराला माहीमला गेले की मी वेलींकडे फिरकायचे नाही. सासूबाईही मला कधी बोलावत नसत. आमचं भांडण असं कधी झालं नाही. आम्ही एकमेकींशी नीट वागायचो, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी पालघरहून स्कूटरवरून परत येताना रस्त्यात एक जनावर आडवं आलं. मी ब्रेक दाबला आणि उजव्या हातावर पडले. मनगटाजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. माझ्या दृष्टीने किरकोळ गोष्ट होती, असली शेकडो मनगटं मी स्वतः हलती केली होती. प्लास्टर निघाल्यावर पंधरा दिवसांत कामावर येते, असं मी काउंटरवरच्या बाईंना सांगूनही टाकलं.

प्लास्टर निघालं आणि आतून जो हात बाहेर आला तो माझा वाटेना. सुजलेला, चकचकीत, जांभळट. गारठलेला, आणि तरी तळव्याला घाम. पंख्याचा वारा लागला तरी आग व्हायची. पदर घासला तर डोळ्यांपुढे अंधारी. एक्स-रेत हाड छान जुळलेलं होतं. मला काय झालंय ते मला माहीत होतं, परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. पण ते कुणा दुसऱ्याला होतं, अशी माझी समजूत होती.

इथे थोडं समजावून सांगते, पेशंटला सांगते तसं. आपल्या शरीरात आपल्याला न विचारता चालणारा एक कारभार आहे. हृदयाचे ठोके, घाम, पचन, रक्तवाहिन्या किती आवळायच्या आणि किती सैल सोडायच्या, हे सगळं तो बघतो. त्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिचे ढोबळमानाने दोन भाग. एक धोका दिसला की अंग सावध करणारा, दुसरा धोका टळला की अंग सैल सोडणारा. माझ्या हातापुरता हा पहिला, सावध करणारा भाग कामावरून घरी जायलाच तयार नव्हता. हाड जुळून गेलं होतं, पण हात अजून त्या रस्त्यावरच पडलेला होता. म्हणून वाहिन्या आवळलेल्या, म्हणून गारठा, म्हणून घाम.

एवढं सगळं कळत असून मी काय करावं? मी दार लावून घेतलं आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून ते वाकवलं. जोर लावून. तोंडात रुमाल कोंबून. बोईसरच्या पेशंटला जे दिलं तेच स्वतःला द्यायचं, त्यात लाज कसली. दुसऱ्या दिवशी हात दुप्पट सुजला. तिसऱ्या दिवशी मी परत तेच केलं. आठवडाभराने माझे हाडांचे डॉक्टर, जे एरवी माझ्याशी चहा पीत गप्पा मारतात, ते माझ्यावर अक्षरशः ओरडले. म्हणाले, औषधं देतो, आरशासमोरचे व्यायाम देतो, पण तुम्ही स्वतःच्या हाताला हात लावायचा नाही. आणि मग हळू आवाजात म्हणाले की काही हात पूर्वीसारखे होत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नको होतं. मला ते माहीत होतं. हात गेला तर दवाखाना गेला, आणि दवाखाना गेला तर माझ्यात उरतं काय, हे मला खरोखर कळत नव्हतं. मला दुसरं काही येत नाही. मी चिडकी आहे, स्वयंपाक बेताचा करते, गाता येत नाही. मला फक्त हात होते.

नवऱ्याची ड्यूटी तारापूरला, पाळीपाळीने. घरी मला साधी वेणी घालता येत नव्हती. तेव्हा त्याने मला माहीमला नेऊन सोडलं. मी गेले ते तोंड पाडून. मनात म्हटलं, आता ही बाई माझा कडक हात कडेला पडलेला बघणार.

दुपारी जेवणं झाली की सासूबाई ओटीवर माझ्या डाव्या बाजूला येऊन बसायच्या. पहिल्या दिवशी बसल्या आणि म्हणाल्या, "हात लावू?"

मी म्हटलं, "नको."

"बरं," म्हणाल्या आणि सुपारी कातरायला गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. हात लावू? नको. बरं. माझ्या लक्षात आलं की अपघातापासून मला कुणी असं विचारलंच नव्हतं. दवाखान्यात धरलं, फिरवलं, दाबलं, तपासलं. मी स्वतःसुद्धा विचारलं नव्हतं. आणि वीस वर्षांत मी तरी कुणाला विचारलं होतं? तिसऱ्या दिवशी मी उगाच डावा हात पुढे केला, चांगला हात, त्यांचं मन राखायला.

त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला. बस, धरला. चोळला नाही, दाबला नाही. मी मनात हसत होते की याला काय इलाज म्हणायचा. दहा-बारा मिनिटं गेली असतील, आणि माझं पोट गुडगुडलं. मोठ्याने. नुकतं जेवण झालेलं, भूक असायचं कारण नव्हतं. मला लाज वाटली आणि लगेच अंगावर काटा आला, कारण ते काय असतं ते मला ठाऊक होतं. अंग सावध असतं तेव्हा पोट काम थांबवून बसतं. ते परत कामाला लागलं म्हणजे दुसरा भाग जागा झाला. मग लक्षात आलं, माझा श्वासही खाली उतरला होता. प्लास्टरपासून मी श्वास वरच्या वर घेत होते आणि मला, फिजिओथेरपिस्टला, ते कळलं नव्हतं.

त्यानंतर रोज. डावा हात, मग मान, मग उजवा खांदा. त्यांचे हात उबदार असायचे, कारण त्या आधी ते कोमट पाण्यात धरून यायच्या. खांद्यावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "सांग, कुठवर येऊ?" मी कोपराच्या वर कुठे तरी बोट दाखवायचे. त्या तिथेच थांबायच्या. इंचभरसुद्धा पुढे नाही. एकदा मी मुद्दाम खूप आधीच "बस" म्हटलं, थांबतात का ते बघायला. थांबल्या.

मला राहवेना. मी म्हटलं, "आई, इतक्या हलक्या हाताने स्नायूला काही होत नाही."

"मी स्नायूला कुठं लावते," त्या म्हणाल्या, "मी तुला लावते."

त्या वाक्याभोवती मी मनात मोठं काही रचून बसले. पानवेलींनी शिकवलेला हात, पिढ्यांचं शहाणपण, वगैरे. आमच्या कॉलेजच्या पुस्तकांना जे जमलं नाही ते वाडीतल्या बाईला उपजत कळतं. मी हे फोनवर एका मैत्रिणीला इतक्या भक्तिभावाने सांगितलं की ती म्हणाली, तुला बरं वाटतंय ना, मग व्याख्यान कशाला देतेस.

सगळं सरळ झालं असं नाही. एके दिवशी काउंटरवरच्या बाईंचा फोन आला की जुने पेशंट दुसरीकडे जाऊ लागलेत. फोन ठेवेपर्यंत हात निळा पडला. माझ्या डोळ्यांदेखत. कुणी शिवलं नव्हतं, काही आदळलं नव्हतं, नुसती बातमी आली होती. मी घाबरले आणि घाबरून, म्हणजे माझ्या पद्धतीने, न्हाणीघरात जाऊन मनगट पुन्हा जोर लावून वाकवलं. संध्याकाळपर्यंत हात भाकरीसारखा फुगला. आता बोलणी खायला मिळणार म्हणून मी ओटीवर येऊन बसले. सासूबाईंनी हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बरं," म्हणाल्या. "मग परत डावा."

आणि खरंच पहिल्यापासून सुरुवात केली. तीन आठवड्यांची वाट त्या कुरकुर न करता परत चालल्या. त्या दिवशी मी रडले. दुखण्याने नाही. माझ्यावर कुणी इतका वेळ खर्च करावा अशी मी त्यांच्याशी कधी वागलेच नव्हते, म्हणून रडले.

उजव्या तळव्यापर्यंत त्या पोचल्या तेव्हा वाडीत जाम फळांचा हंगाम होता. त्यांनी तळहात खाली धरला, आणि मी माझा हात स्वतः त्यावर ठेवला. ठेवताना दुखलं, पण ते जुनं आगीसारखं दुखणं नव्हतं, साधं दुखणं होतं. थोड्या वेळाने नखं बघितली तर गुलाबी. दुसऱ्या हाताने चाचपलं तर बोटं कोमट. मी आतापर्यंत किती सुजलेले हात बघितले असतील, पण गुलाबी नख म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सासूबाई म्हणाल्या, "आला." जसं काही कुणी पाहुणा गाडीतून उतरलाय.

हात लावूनच सगळं झालं असं मी म्हणणार नाही. औषधं चालू होती, आरशासमोरचे व्यायाम चालू होते, वेळही गेला होता. कशाने किती झालं हे मला सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण त्या दुपारी नसत्या तर बाकीच्या गोष्टींना माझं अंग दार उघडायला तयार नव्हतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

माहीमला पाच महिने काढून मी दवाखाना परत उघडला. पकड पूर्वीच्या निम्मी. कोपर रोवता येत होतं, पण रोवायचं मनात येईना. पहिलाच पेशंट जुना ड्रमवाला. मी त्याला विचारलं की हात ठेवू का, तर तो मान वळवून बघायला लागला, जणू मी आजारातून उठून वेडी झालेय. जाताना म्हणाला, "मॅडम, आज तो कुछ किया ही नहीं." दोन दिवसांनी आला. काही जण आले नाहीत, ते स्टेशनच्या पलीकडच्या एका जोरदार हाताकडे गेले, आणि ते अजून तिथेच आहेत.

मग एका सकाळी, साडेदहाच्या सुमारास, मी पडदा सारला तर बाकावर चार पेशंटांच्या मध्ये सासूबाई. हातात पिशवी, पायात बाहेरच्या चपला. एकट्या आलेल्या, माहीमहून पालघर आणि पालघरहून बोईसर. वीस वर्षांत दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. मला वाटलं घरी काही झालं.

"काय नाय झालं," त्या आत येऊन म्हणाल्या. "खांदा दाखवायचा हाय."

त्यांनी डावा हात वर केला. तो कानापर्यंत आला आणि अडकला. हे आजचं दुखणं नव्हतं. मी विचारलं, कधीपासून? सात-आठ वर्षं, म्हणाल्या. वेल बांधायला हात वर जायचा नाही. मला बसायला स्टूल ओढावं लागलं. ज्या हातांनी माझा हात परत आणला त्यातला एक खांद्यातून दुखत होता, आणि मी पाच महिने समोर बसून बघितलं नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"पालघरला दाखवायची की," त्या म्हणाल्या. "बाजाराला जाते सांगून. तिथं एक डॉक्टरीण हाय, तुझ्यासारखीच, व्यायामवाली. लई चांगली. आधी इचारते, हात लावू का. कोमट पाण्यात हात धरून येते."

म्हणजे माझा पानवेलींचा सगळा मामला, ते पिढ्यांचं शहाणपण, सगळं झालं. त्या उपजत काही करत नव्हत्या. त्या माझाच धंदा करत होत्या, पेशंट म्हणून टेबलावर पडून नीट शिकलेला. ते स्नायूचं वाक्यसुद्धा त्या डॉक्टरणीचं होतं, हे त्यांनी विचारल्यावर लगेच कबूल केलं. मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या मनात एकच गोष्ट अडकली होती.

"घरात मी असताना पालघरला?"

सासूबाईंनी पिशवी टेबलाखाली ठेवली. "एकदा आलते इथं," त्या म्हणाल्या. "खालच्या जिन्यापर्यंत. वर कोणतरी माणूस वरडत होता. मना वाटलं आता उतरून येईल, नाय तर थांबेल. तो वरडतच होता. मग मी परत गेली. तुझी भीती वाटली, पोरी."

त्यांनी ते नारळाचा भाव सांगावा तसं सांगितलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. ते ओरडणं मी जाहिरात समजत होते.

"मग आता कशा आलात?" मी विचारलं.

"आता तुझा हात दुखून आलाय," त्या म्हणाल्या. "आता चालेल."

मी त्यांना टेबलावर उताणं झोपवलं. वीस वर्षांचा अनुभव असलेली मी, माझ्या तळव्यांना घाम आला होता. ते धुतले, पुसले, कोमट केले आणि उजवा हात त्यांच्या पाठीखाली सरकवून खांद्याच्या फऱ्यामागे ठेवला. खांदा उचललेलाच राहिला. त्यांनी डोळे मिटले होते, पण खांदा माझी वाट बघत होता, आता ही दाबणार म्हणून. हे वाट बघणं मला किती तरी खांद्यांत जाणवून गेलेलं होतं, आणि मी त्याला नेहमी आखडलेला स्नायू म्हणायचे. मी दाबलं नाही. किती वेळ गेला ते बघितलं नाही. बाहेर कुणी तरी खोकलं, काउंटरवरच्या बाईंनी एकदा पडद्याआडून डोकावून बघितलं आणि त्या गेल्या. मग सासूबाईंनी एक मोठा श्वास सोडला आणि त्या खांद्याचं सगळं वजन हळूहळू माझ्या उजव्या हातावर आलं. तळवा थोडा दुखला. मी तो काढला नाही.